फौज पाठवली नाही हे बरोबरच; पण तेवढ्यावर भागत नाही

मागच्या महिन्यात जुम्याची नमाज झाल्यावर मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर आमच्या मोहल्ल्यातली पोरं वाद घालत बसली होती. विषय गाझापासून सुरू झाला, सीरियावर गेला आणि शेवटी इराकवर येऊन अडकला. एक जण म्हणाला, "जे काय झालं ते अमेरिकेनं केलं. आपसातल्या मारामारीचं नाव काढणं म्हणजे दुश्मनाच्या हातात कोलीत देणं." दुसरा म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? इथं तोंड उघडलं तर उद्या पोलीस दारात." तिसरा माझाच भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मामू, तेव्हा भारतानं फौज पाठवायला पाहिजे होती. आपली फौज असती तर शिया-सुन्नी असे कापले गेले नसते."

तिघंही शिकलेली, मनानं चांगली पोरं आहेत. तरीही मला तिघांचंही म्हणणं मान्य नाही. टपरीवर गाड्यांच्या आवाजात सगळं बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

भाच्यापासून सुरुवात करतो, कारण त्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. शेजारच्या घरात खून पडत असताना दार लावून बसणं हा इन्साफ नाही, असं त्याला वाटतं. वाटणं चूक नाही. पण २००३ मध्ये भारतासमोर नेमका प्रश्न काय होता, ते त्याला ठाऊक नाही. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. मी बावीस वर्षांचा होतो, चिकलठाणा एमआयडीसीत लेथवर काम करायचो आणि दुपारच्या सुट्टीत पेपर वाचून काढायचो.

मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर हल्ला केला. सामूहिक संहाराची शस्त्रे हे कारण सांगितलं गेलं आणि ती शस्त्रे शेवटपर्यंत सापडली नाहीत. एप्रिलमध्ये आपल्या लोकसभेने या हल्ल्याविरुद्ध ठराव केला. अध्यक्षपदी तेव्हा महाराष्ट्राचे मनोहर जोशी होते. ठरावात कोणता शब्द घालायचा यावर बरेच दिवस घोळ चालला. शेवटी हिंदीतला 'निंदा' हा शब्द पक्का झाला, कारण इंग्रजीत त्याचा अर्थ सौम्यही लावता येत होता आणि कडकही. मराठी माणसाला हा खेळ लगेच कळतो. निंदा आणि निषेध यांतला फरक आपण जाणतो. निंदा पाठीमागेही करता येते, निषेध समोर उभं राहूनच करावा लागतो.

पुढे खरी परीक्षा आली. बगदाद पडल्यावर अमेरिकेने भारताकडे फौज मागितली. थोडीथोडकी नाही, पूर्ण एक डिव्हिजन, सुमारे सतरा हजार जवान. उत्तर इराकचा भाग आपल्याकडे सोपवायची बोलणी होती. दिल्लीत या बाजूने बोलणारे कमी नव्हते. अमेरिकेशी मैत्री वाढेल, पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, तेल मिळेल, जगात वजन वाढेल, असं सांगितलं जात होतं. भाच्याचा मुद्दाही त्यात होता: इराकी लोकांना भारतीय जवान अमेरिकनांपेक्षा जवळचे वाटतील. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू, एवढं दार त्यांनी उघडं ठेवलं.

ज्या सरकारशी आपल्यातल्या बहुतेकांचं कधी जमलं नाही, त्या सरकारचा हा निर्णय बरोबर होता. बरोबर गोष्टीला बरोबर म्हणायला लाज कसली?

का बरोबर, ते सांगतो. परक्या देशात फौज पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. बोलावलं कोणी? आपली बंदूक कोणाकडे रोखलेली असेल? आणि परत कधी यायचं?

१९७१ ला हे प्रश्न लावून बघा. पूर्व पाकिस्तानच्या जनतेने १९७० च्या निवडणुकीत तिथल्या १६९ पैकी १६७ जागा अवामी लीगला दिल्या होत्या. तो कौल लष्कराने बंदुकीने पुसला आणि सुमारे एक कोटी लोक आपल्या सीमेत आले. डिसेंबरमध्ये ढाका मुक्त झाला आणि मार्च १९७२ मध्ये आपली फौज परत आली. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात.

आता १९८७ चं श्रीलंका घ्या. तिथल्या सरकारशी रीतसर करार करून शांतिसेना गेली. तमिळांना वाचवायला गेलेली फौज काही महिन्यांतच तमिळ वाघांशीच लढू लागली. सुमारे बाराशे जवान गमावून १९९० मध्ये परतली. जाताना तमिळही नाराज, सिंहलीही नाराज. तिथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्याचं नव्हतं.

इराकमध्ये एकाचंही नव्हतं. बोलावलं होतं ते कब्जा करणाऱ्याने. बंदूक रोखली जाणार होती ती इराकी माणसावर. परत कधी यायचं, हे खुद्द अमेरिकेलाच माहीत नव्हतं.

"पण मामू, आपले जवान वेगळे वागले असते." कदाचित. पण समोरच्याला ते दिसलं असतं का? यावर माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. २००४ मध्ये माझा चुलतभाऊ ड्रायव्हर म्हणून कुवेतला गेला. एजंटने सांगितलं होतं, गाडी कुवेतच्या आतच चालवायची. तिथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला आणि सरहद्दीपलीकडे अमेरिकी छावण्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवायचं काम लावलं. फोनवर तो चाचींना सांगायचा, "अम्मी, मैं कुवेतमेंच है." त्याच उन्हाळ्यात कुवेती कंपनीचे तीन भारतीय ट्रक ड्रायव्हर इराकमध्ये ओलीस धरले गेले, तेव्हा खरं काय ते घरी कळलं. चाची रात्रभर जानमाजवर बसून होत्या. ते तिघं सप्टेंबरच्या सुरुवातीला सुटले. आमचा भाऊ त्या वर्षीच्या ईदला घरी आला. तो म्हणाला होता, "मी पाच वक्ताचा नमाजी. पण रस्त्यावर थांबलेल्या माणसाला माझी नमाज दिसत नव्हती, त्याला माझ्या ट्रकमधला माल दिसत होता. मी अमेरिकनांचा ड्रायव्हर होतो. बस."

पाण्याचा ट्रक चालवणाऱ्याची ही गत, तर बंदूक घेऊन उभ्या असलेल्या जवानाची काय झाली असती?

आणि इराकी माणसाला आपण नवे नव्हतो. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मेसोपोटेमिया जिंकायला पाठवली ती मुख्यतः हिंदुस्थानी फौज. कूत अल-अमारात डिसेंबर १९१५ पासून वेढली गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठा पलटणी होत्या, पंजाबी मुसलमान होते. १४७ दिवस उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांनी शरणागती दिली, आणि हजारो जण कैदेत खपले. कोकणातल्या, देशावरच्या किती घरांत तेव्हा रडारड झाली असेल! पुढे १९२० मध्ये इराकी जनता इंग्रजांविरुद्ध उठली. तो उठाव चिरडायला वापरलेली फौजही बहुतांशी हिंदुस्थानीच होती. इकडे हिंदुस्थानात खिलाफतीच्या सभा चालल्या होत्या आणि तिकडे आपल्याच गावची माणसं इंग्रजांच्या हुकमाने इराकी गावं जाळत होती. जवानाचा दोष नाही, तो पोटासाठी गेला होता. पण दुसऱ्याच्या साम्राज्याची काठी होण्याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. पुन्हा घ्यायची हौस कशाला?

त्याच १९२० ची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या साली रमजानमध्ये बगदादच्या सुन्नी आणि शिया मशिदींमध्ये एकत्र सभा भरत. मौलूद आणि ताजिया एकाच ठिकाणी होत. म्हणजे 'हे लोक चौदाशे वर्षं एकमेकांना कापतच आले आहेत' हे टीव्हीवरचं शहाणपण खोटं आहे. तेढ जुनी असेल, पण तिचं यादवीत रूपांतर करायला माणसं लागतात आणि निर्णय लागतात.

ते निर्णय कोणाचे होते? मे २००३ मध्ये पॉल ब्रेमर यांच्या प्रशासनाने आधी बाथ पक्षाच्या लोकांना नोकऱ्यांतून काढलं आणि लगेच पूर्ण इराकी लष्कर बरखास्त केलं. लाखो माणसं हातात शस्त्र आणि पोटात भूक घेऊन रस्त्यावर आली. जुलैमध्ये पंचवीस जणांचं शासकीय मंडळ नेमलं, त्यात जागा वाटल्या त्या पंथ आणि वंश बघून: तेरा शिया, पाच सुन्नी अरब, पाच कुर्द, एक तुर्कमान, एक ख्रिस्ती. नागरिक म्हणून कोणाला जागाच नव्हती. हे मंडळ बसलं १३ जुलैला आणि भारताचा नकार आला १४ जुलैला. आपण गेलो असतो तर या वाटणीचे चौकीदार झालो असतो.

इथवर पहिला पोरगा खूश होईल. म्हणेल, बघा, मी तेच म्हणत होतो, सगळं अमेरिकेनं केलं. थांब बेटा, आता तुझी पाळी.

कब्जा करणाऱ्याने घराचं दार तोडलं, हे खरं. पण दार तुटल्यावर आत शिरून शेजाऱ्याचा गळा कोणी कापला? १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर बॉम्ब घातला गेला, सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह बावीस माणसं मेली. ते अमेरिकी सैनिक नव्हते. २२ फेब्रुवारी २००६ रोजी सामर्‍यातला अस्करी रौजा उडवला गेला. त्यानंतर सुन्नी मशिदींवर हल्ले झाले, टोळ्या ओळखपत्रावरचं नाव वाचून माणसं उचलू लागल्या. नाव उमर असलं की एका वस्तीत मौत, नाव अली असलं की दुसऱ्या वस्तीत मौत. मजूर नाक्यावर कामाची वाट बघत उभ्या असलेल्या गरिबांमध्ये बॉम्ब फुटले. हे करणाऱ्यांनी अमेरिकेचा हुकूम घेतला नव्हता. त्यांनी दीनचं नाव घेतलं होतं.

कारण सांगणं वेगळं आणि गुन्हा माफ करणं वेगळं. अमेरिकेने आग लागेल अशी परिस्थिती निर्माण केली, याचा जाब तिला विचारलाच पाहिजे. पण ज्याने काडी ओढली त्याचं नाव घ्यायचं नाही, हा कुठला इन्साफ? मारणारा परका असला की मोर्चा आणि मारणारा कलमा पढणारा असला की 'फितना नको' म्हणून चुप्पी. १९७१ ला पाकिस्तानी फौजेने बंगालमध्ये मारलेल्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. तेव्हाही आपल्या कितीतरी बुजुर्गांनी तोंड उघडलं नाही. मग आज आपलं दुःख दुसऱ्या कोणी ऐकावं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आम्ही मराठवाड्याची माणसं, आम्हाला तर हे शिकवायलाच नको. १९४८ चं सप्टेंबर आमच्या आजी-आजोबांनी पाहिलं आहे. हैदराबादचा प्रश्न इराकसारखा नव्हता, तुलना करत नाही. पण एक गोष्ट तीच आहे. रझाकारांनी गावोगावी जुलूम केला, हे खरं. आणि निजामाची राजवट कोसळल्यावर रझाकारांशी काही संबंध नसलेल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला, हेही खरं. त्याची चौकशी करायला नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. काही घरांत फक्त पहिलं सांगतात, काही घरांत फक्त दुसरं. दोन्ही सांगणारी माणसं कमी आहेत, पण भरवसा ठेवावा असं वाटतं तो त्यांच्यावरच.

इराकमध्येही अशी माणसं होती. ३१ ऑगस्ट २००५. बगदादमध्ये दजला नदीच्या एका काठावर काझमिया, तिथे इमाम मूसा काझिम यांचा रौजा. समोरच्या काठावर आझमिया, तिथे इमाम अबू हनिफांची कबर. त्यांचाच फिकह आपल्यातले बहुतेक पाळतात. दोन्ही मोहल्ल्यांना जोडणारा पूल आहे. जियारतीला निघालेल्या शियांच्या गर्दीत बॉम्बची अफवा पसरली, चेंगराचेंगरी झाली, माणसं नदीत पडली. जवळपास हजार जण मेले. तेव्हा आझमियाचा एक सुन्नी तरुण पाण्यात उतरला. एकामागून एक माणसं बाहेर काढत राहिला आणि शेवटी दमून स्वतःच बुडाला. ज्यांना काढलं त्यांचा मसलक त्याने विचारला नाही. मला विचाराल तर त्या दिवशी इमाम-ए-आझमच्या मोहल्ल्याचं नाव त्या पोराने राखलं, बॉम्ब बांधणाऱ्यांनी नाही.

आता दुसरा पोरगा, जो म्हणतो आपल्याला काय करायचंय. त्याची भीती मी समजू शकतो. नावावरून संशय घेणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. पण गप्प बसल्याने संशय जात नाही, आणि आपण मोकळी केलेली जागा रिकामीही राहत नाही. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण जियारतीच्या नावाने इराकला गेले आणि आयसिसला मिळाले. शिकलेली पोरं होती. त्यातला एक त्याच वर्षी परत आला. त्यांच्या आई-बापांचं काय झालं असेल, याचा विचार करा. या पोरांना इराकचं दुःख दिसलं, पण त्या दुःखाचं राजकारण समजावून सांगणारं जवळ कोणी नव्हतं. मशिदीत विषय टाळला जात होता, घरात दबक्या आवाजात बोलणं चालू होतं. बोलत होता फक्त मोबाईल. मोबाईलमधला माणूस त्यांना सांगत होता, की मजलूमची बाजू घ्यायची असेल तर कातिल हो.

म्हणून मी म्हणतो, बोला. उघड बोला, मराठीत बोला, माहिती घेऊन बोला. परराष्ट्र धोरण हे काही दिल्लीतल्या बाबू लोकांचं वतन नाही. त्याची किंमत आपल्या घरांतून वसूल होते. आमच्या चुलतभावाने ती मोजली. जून २०१४ मध्ये मोसुलमध्ये एकोणचाळीस भारतीय मजुरांना आयसिसने पळवून ठार केलं, बहुतेक पंजाबचे गरीब लोक होते. ते गेल्याचं सरकारने संसदेत सांगितलं ते मार्च २०१८ मध्ये. जवळपास चार वर्षं त्यांच्या घरचे वाट बघत होते.

आणि इथेच २००३ च्या नकाराचा अपुरेपणा दिसतो. सरकारने फौज पाठवली नाही, पण गरीब ड्रायव्हर, मजूर, आचारी एजंटांच्या हातून त्याच युद्धात गेले. ओलीस प्रकरणानंतर कामगारांना इराकला जायला बंदी झाली, ती उशिरा, आणि कागदावरची बंदी एजंटाला किती अडवते ते आम्हाला माहीत आहे. 'नाही' म्हटलं की जबाबदारी संपली, असं नसतं. कब्जा लवकर संपावा, निवडणुका व्हाव्यात, पंथाच्या वाटण्या थांबाव्यात, यासाठी भारताने जोर लावायला हवा होता. आपल्या देशाला तो अधिकार होता. इतके धर्म, इतक्या भाषा सांभाळून निवडणुका घेणारा देश इराकींना सांगू शकला असता की नागरिकत्व पंथावर मोजू नका. आपण फक्त हात झटकले.

आजही तेच चालू आहे. गाझात युद्धबंदीच्या ठरावावर ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला. डिसेंबरमध्ये बाजूने मत दिलं. जून २०२५ मध्ये पुन्हा तटस्थ. मग धोरण काय आहे? नागरिक म्हणून हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि तो फक्त मुसलमान म्हणून विचारायचा नाही. हाच प्रश्न विचारणारा माणूस इस्राएली नागरिकांना मारणाऱ्याचाही निषेध करत असेल, सुदानमध्ये मुसलमान मुसलमानांना मारत आहेत त्यावरही बोलत असेल, तरच त्याच्या प्रश्नाला वजन येईल. माप एकच ठेवा. वाण्याच्या तराजूत खोट दिसली तर आपण भांडतो ना? मग आपल्या तराजूचं काय?

टपरीवरच्या तिघांना माझं सांगणं एवढंच. भाच्या, फौज म्हणजे मदत नव्हे. आधी तीन प्रश्न विचार. दुसऱ्या मित्रा, भीती वाटते तर एकटा बोलू नकोस, दहा जण मिळून बोला. खासदार मत मागायला येईल तेव्हा गटार आणि पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारा, की आखातात जाणाऱ्या आमच्या पोरांच्या पासपोर्टची राखण कोण करणार आणि संयुक्त राष्ट्रांत आमचा देश कोणाच्या बाजूने हात वर करणार. आणि पहिल्या मित्रा, पुढच्या जुम्याला जालीमच्या विरोधात दुआ मागशील तेव्हा त्यात नमाज पढणारा जालीमही धर. आपला म्हणून त्याला वगळू नकोस.

पुढच्या जुम्याला मीही टपरीवर असेन. चहाचे पैसे माझ्याकडे. वाद मात्र अर्धा सोडून उठायचं नाही.